विरोधी पक्षनेता

संसदीय शासनपद्धतीत विधिमंडळाच्या सभागृहातील सत्तेबाहेरच्या पक्षांपैकी सर्वाधिक सदस्यसंख्या असलेल्या पक्षाचा, पीठासीन अधिकाऱ्याने मान्यता दिलेला नेता. या व्याख्येत संख्या आणि मान्यता असे दोन घटक आहेत. संख्या मतदार देतो, मान्यता सभागृहाचा अध्यक्ष वा सभापती देतो. हे दोन घटक नेहमीच एकमेकांशी जुळतात असे नाही. महाराष्ट्राच्या विधानसभेत १९६० नंतर या पदासंबंधी जे वाद उद्भवले, त्यांतील बहुतेकांचे मूळ या विसंगतीत आढळते.

विरोधी पक्ष हा राज्याचा शत्रू नसून राज्यव्यवस्थेचाच एक भाग आहे, ही कल्पना इंग्लंडमध्ये हळूहळू रूढ झाली. ‘राजाचा विरोधी पक्ष’ हा शब्दप्रयोग जॉन कॅम हॉबहाउस यांनी १८२६ मध्ये कॉमन्स सभागृहात काहीशा विनोदाने केला. पुढे तोच गंभीर अर्थाने स्वीकारला गेला. विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून वेतन देण्याची प्रथा कॅनडाने १९०५ मध्ये सुरू केली. इंग्लंडमध्ये ती १९३७ च्या मंत्रिविषयक कायद्याने आली. सरकारवर टीका करणाऱ्याला सरकारनेच वेतन द्यावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु त्यामागील विचार सरळ आहे. आजचा टीकाकार उद्याचा कारभारी असू शकतो, आणि दोन्ही स्थितींत तो लोकांचेच काम करीत असतो. डॉ. भीमराव आंबेडकर यांनी पुणे जिल्हा विधी ग्रंथालयात २२ डिसेंबर १९५२ रोजी दिलेल्या भाषणात लोकशाहीच्या यशाच्या अटी सांगताना विरोधी पक्षाच्या अस्तित्वाला दुसरे स्थान दिले आणि इंग्लंड व कॅनडातील या प्रथेचा मुद्दाम उल्लेख केला. आंबेडकरांना विरोधी बाकांचा स्वतःचा अनुभव होता. १९३७ नंतरच्या मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ च्या औद्योगिक कलहविषयक विधेयकाला विरोध केला होता.

भारताच्या संविधानात विरोधी पक्षनेत्याचा उल्लेख नाही. लोकसभेत पहिली सतरा वर्षे हे पद औपचारिक रीत्या कोणाकडेच नव्हते. १९६९ मध्ये काँग्रेस पक्ष दुभंगला आणि सत्तेबाहेर राहिलेल्या गटाचे नेते राम सुभग सिंग यांना पहिल्याने तशी मान्यता मिळाली. १९७७ च्या निवडणुकीत काँग्रेस पराभूत झाल्यावर यशवंतराव चव्हाण लोकसभेतील विरोधी पक्षनेते झाले आणि त्याच वर्षी संसदेने या पदाचे वेतन व भत्ते ठरविणारा अधिनियम संमत केला. जुलै १९७९ मध्ये चव्हाणांनीच मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळाविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला. मतदानापूर्वीच देसाई यांनी राजीनामा दिला आणि पुढे चरणसिंग यांच्या मंत्रिमंडळात चव्हाण उपपंतप्रधान झाले. विरोधी पक्षनेता म्हणजे पर्यायी सरकारचा प्रमुख, हे पाठ्यपुस्तकी वर्णन भारतात इतके प्रत्यक्षात क्वचितच उतरले. आणि तेव्हाही ते निवडणुकीतून नव्हे, तर सत्तारूढ पक्षाच्या फुटीतून उतरले.

महाराष्ट्राने केंद्रापाठोपाठ १९७८ मध्ये विधानमंडळातील विरोधी पक्षनेत्यांचे वेतन व भत्ते यांविषयीचा अधिनियम केला. त्यानुसार दोन्ही सभागृहांतील विरोधी पक्षनेत्यांना वेतन, निवासस्थान, वाहन व कर्मचारिवर्ग मिळतो आणि व्यवहारात त्यांचा दर्जा मंत्रिमंडळातील मंत्र्याचा मानला जातो. अधिनियमातील व्याख्या प्रारंभी दिलेल्या व्याख्येशी जुळती आहे : सरकारच्या विरोधात असलेला, सर्वाधिक संख्याबळाचा पक्ष आणि अध्यक्ष वा सभापती यांची मान्यता. दोन पक्षांचे बळ सारखे असेल, तर त्यांपैकी कोणाच्या नेत्याला मान्यता द्यावयाची, हे पीठासीन अधिकारी ठरवितो. या व्याख्येत किमान संख्येची कोणतीही अट नाही.

ही बाब नीट ध्यानात घेतली पाहिजे. कारण ‘एक दशांश सदस्य नसतील तर विरोधी पक्षनेता नाही’ हा नियम कायद्यातच आहे, अशी समजूत सर्वत्र पसरलेली दिसते. तिचा उगम लोकसभेत आहे. पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांनी, ज्या पक्षाचे सदस्य सभागृहाच्या गणपूर्तीइतके, म्हणजे एक दशांश असतील, त्यालाच ‘पक्ष’ म्हणून मान्यता द्यावी असा दंडक घातला. सभागृहात बसण्याच्या जागा, बोलण्याचा वेळ व कार्यालयासाठी खोल्या कोणाला द्यावयाच्या, हा त्या वेळचा व्यावहारिक प्रश्न होता. १९७७ च्या केंद्रीय अधिनियमात हा दंडक लिहिलेला नाही; तरीही २०१४ मध्ये ४४ आणि २०१९ मध्ये ५२ सदस्य असलेल्या काँग्रेसला लोकसभेत हे पद मिळाले नाही. २०१४ मध्ये हा निर्णय देणाऱ्या अध्यक्षा सुमित्रा महाजन या मूळच्या चिपळूणच्या. मावळंकरांचे घराणेही कोकणातलेच. तेव्हा दंडक घालणारे व तो कसोशीने पाळणाऱ्या, दोघेही कोकणी मुळाचे निघावेत, हा एक योगायोग म्हणावयाचा. उलटपक्षी २०१५ मध्ये दिल्लीच्या सत्तर सदस्यांच्या विधानसभेत केवळ तीन सदस्य असलेल्या भारतीय जनता पक्षाच्या नेत्याला ही मान्यता देण्यात आली. जून २०२४ मध्ये ९९ सदस्यांच्या बळावर राहुल गांधी लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले, तेव्हा तेथील दहा वर्षांचा खंड संपला.

महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास या दंडकाच्या बाजूने साक्ष देत नाही. १९६२ मध्ये २६४ सदस्यांच्या विधानसभेत काँग्रेसकडे २१५ जागा होत्या आणि विरोधकांत सर्वांत मोठा असलेल्या शेतकरी कामगार पक्षाकडे १५. एक दशांशाला सुमारे अकरा जागा कमी असूनही कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते म्हणून ओळखले गेले. १९६७ मध्ये त्याच पक्षाचे १९ सदस्य होते, तर १९७२ मध्ये २७० च्या सभागृहात अवघे सात. त्या सातांचे नेते दि. बा. पाटील होते, आणि दुष्काळ व जमीनसंपादन या विषयांवरील त्यांचा अधिकार संख्येवरून ठरत नव्हता. हे दाखले अधिनियमापूर्वीचे आहेत, असा आक्षेप घेता येईल. परंतु अधिनियमानंतरचा दाखलाही उपलब्ध आहे. १९८५ च्या निवडणुकीत शरद पवार यांच्या समाजवादी काँग्रेसला ५४ जागा मिळाल्या. १९८६ अखेर तो पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाल्यावर जनता पक्ष (निवडून आलेले सदस्य २०) आणि शेतकरी कामगार पक्ष (१३) असे छोटे पक्षच विरोधात उरले. त्यांपैकी कोणाकडेही २९ सदस्य नव्हते. तरीही निहाल अहमद, दत्ता पाटील व मृणाल गोरे यांनी १९९० पर्यंत आळीपाळीने हे पद सांभाळले. एका पदासाठी विरोधकांनी आपसांत वाटणी करावी आणि अध्यक्षांनी ती मान्य करावी, हा प्रघात मोठ्या मनाचा होता.

खानदेशचा अनुभव : जळगाव व धुळे या जिल्ह्यांचा, म्हणजे जुन्या पूर्व व पश्चिम खानदेशाचा, या पदाशी आलेला संबंध संख्येने मोठा नसला, तरी पदाच्या निरनिराळ्या अवस्था समजून घेण्यास विशेष उपयुक्त आहे. या भागातून विधानसभेचे तीन विरोधी पक्षनेते झाले. त्यांपैकी दोघे एकाच, एदलाबाद मतदारसंघाचे.

पहिले उत्तमराव पाटील. १९५७ मध्ये धुळे मतदारसंघातून ते भारतीय जनसंघाच्या उमेदवारीवर लोकसभेत निवडून गेले. त्या लोकसभेत जनसंघाचे चारच सदस्य होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेचा त्या यशात मोठा वाटा होता, हे खरे. परंतु चार जणांच्या पक्षाला बोलण्यास किती वेळ मिळतो, याची शिकवण पाटलांना तेथेच मिळाली असली पाहिजे. पुढे ते राज्याच्या राजकारणात आले. मार्च १९७८ मध्ये विधानसभेत जनता पक्ष ९९ जागांसह सर्वांत मोठा पक्ष ठरला. पण काँग्रेस (६९) आणि इंदिरा काँग्रेस (६२) यांनी एकत्र येऊन वसंतदादा पाटील यांच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळ बनविले. सभागृहातील सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून उत्तमराव विरोधी बाकावर बसले. सत्ताधाऱ्यांतील कोणत्याही एका पक्षाहून विरोधी पक्ष मोठा, अशी ती स्थिती होती आणि ती टिकणारी नव्हती. शरद पवार बाहेर पडले, जुलैमध्ये पुरोगामी लोकशाही दलाचे मंत्रिमंडळ आले आणि विरोधी पक्षनेते मंत्री झाले. मार्च ते जुलै असा अवघ्या चार महिन्यांचा हा कालावधी होता.

दुसऱ्या प्रतिभा पाटील. १९६२ मध्ये जळगावहून आणि १९६७ पासून एदलाबादहून त्या सतत निवडून येत होत्या. उपमंत्री व मंत्री म्हणून एका तपाचा कारभार पाहिल्यानंतर जुलै १९७९ मध्ये त्या विरोधी पक्षनेत्या झाल्या. या पदावर स्त्रिया विरळाच आल्या. त्यांच्यापुढील अडचण मात्र वेगळीच होती. राज्याच्या स्थापनेपासून सत्तेत असलेल्या पक्षाला विरोधात बसण्याची सवय नव्हती. मंत्री असताना स्वतः तयार केलेल्या योजनांच्या अंमलबजावणीवर आता बाहेरून बोट ठेवावयाचे होते. खात्याचे आतले कामकाज ठाऊक असलेला विरोधक हा मंत्र्याला सर्वांत अडचणीचा असतो. तथापि त्याची प्रत्येक टीका त्याच्याच जुन्या निर्णयांवर उलटू शकते. फेब्रुवारी १९८० मध्ये मंत्रिमंडळ बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट लागू झाली आणि त्यांची कारकीर्दही सुमारे सात महिन्यांत संपली. २००७ ते २०१२ या काळात त्या भारताच्या राष्ट्रपती होत्या.

तिसरे एकनाथ खडसे. मध्य प्रदेशच्या सीमेलगतचे एदलाबाद, संत मुक्ताबाईंच्या नावावरून आता मुक्ताईनगर, तेथून ते १९९० पासून निवडून येत होते. २००९ मध्ये भारतीय जनता पक्षाला ४६ आणि शिवसेनेला ४४ जागा मिळाल्या. त्याआधीच्या विधानसभेत सेना मोठी असल्याने हे पद तिच्याकडे होते. आता दोन जागांच्या फरकाने ते भाजपकडे आले. खडसे यांनी ते पूर्ण पाच वर्षे सांभाळले. तिघांत पूर्ण मुदत मिळालेले ते एकटेच, म्हणून विरोधी पक्षनेत्याच्या रोजच्या कामाचे चित्र त्यांच्याच कारकिर्दीत नीट पाहावयास मिळते.

हे काम सभागृहातील गदारोळाहून पुष्कळ निराळे असते. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री विरोधकांना चहापानास बोलावतात आणि विरोधक बहुधा त्यावर बहिष्कार घालतात. हा बहिष्कार आता इतका नेमाचा झाला आहे की, चहाला कोणी गेलेच तर ती बातमी व्हावी. कामकाज सल्लागार समितीत कोणत्या विषयाला किती वेळ हे ठरते व तेथे विरोधी पक्षनेत्याचा शब्द लागतो. लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्ताव, नियम २९३ खालील चर्चा आणि विरोधकांच्या हक्काचा मानला गेलेला अंतिम आठवडा प्रस्ताव, ही त्याची साधने. अर्थसंकल्पावर त्याचे भाषण लांबले तरी अध्यक्ष सहसा घंटा वाजवीत नाहीत. मंत्र्यामागे सारे सचिवालय असते. विरोधी पक्षनेत्याला मात्र मोजका कर्मचारिवर्ग, प्रश्नांची लेखी उत्तरे आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून येणारी निवेदने यांवर भागवावे लागते. आर्थिक पाहणी आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल नीट वाचणे हा त्यावरील खात्रीचा उपाय होय. २०१२ मध्ये राज्याच्या आर्थिक पाहणीतील सिंचनक्षेत्राच्या आकड्यांवरून विरोधकांनी जलसंपदा खात्याला धारेवर धरले. त्या वर्षी उपमुख्यमंत्र्यांचा राजीनामा आला, नोव्हेंबरमध्ये सरकारने सिंचनाची श्वेतपत्रिका काढली आणि वर्षअखेरीस माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. उपमुख्यमंत्री डिसेंबरमध्ये मंत्रिमंडळात परतले. पण श्वेतपत्रिका आणि समिती या दोन्ही गोष्टी कागदावर राहिल्या, आणि विरोधी पक्षाच्या कामाचे माप अशाच कागदांवरून घ्यावे लागते.

या पदामुळे खानदेशाला काय मिळाले, हा प्रश्न जळगाव-धुळ्यात नेहमी विचारला जातो. मुंबई येथून चारशे किलोमीटरच्या आसपास दूर. रावेर-सावद्याच्या केळीची वादळात झालेली नासधूस, कापसाचा भाव, हतनूरच्या बुडिताखालील गावांचे पुनर्वसन हे विषय सभागृहाच्या पहिल्या रांगेतून बोलले गेले म्हणजे त्यांना वजन येते, हे नाकारता येणार नाही. पण विरोधी पक्षनेत्याच्या हाती निधी नसतो. अमळनेर तालुक्यातील पाडळसे येथील निम्न तापी प्रकल्प १९९०च्या दशकाच्या अखेरीस हाती घेतला गेला. जळगाव जिल्ह्याला पाटबंधारे मंत्री लाभले, विरोधी पक्षनेता लाभला, तापी पाटबंधारे विकास महामंडळाचे मुख्यालयही जळगावलाच आहे. तरी २०१४ मध्ये तो प्रकल्प अपुराच होता. शिवाय विरोधी पक्षनेता सबंध राज्याच्या वतीने बोलतो. आपल्याच तालुक्याचे गाऱ्हाणे तो वारंवार मांडू लागला, तर बाकीच्या जिल्ह्यांचा त्याच्यावरील विश्वास उणावतो.

खानदेशाने या पदाच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे मान्यता देणाऱ्याच्या आसनावरही माणसे दिली. खिरोद्याचे (ता. रावेर) मधुकरराव चौधरी हे १९९०-९५ या काळात विधानसभेचे अध्यक्ष होते, तर चोपड्याचे अरुण गुजराथी १९९९-२००४ मध्ये. चौधरी यांच्या काळात संख्या आणि मान्यता यांचा संबंध सर्वांत स्पष्टपणे पुढे आला. १९९० मध्ये शिवसेनेचे ५२ व भाजपचे ४२ सदस्य असल्याने सेनेचे मनोहर जोशी विरोधी पक्षनेते होते. डिसेंबर १९९१ मध्ये छगन भुजबळ यांच्या गटाने सेना सोडली. एक तृतीयांश सदस्यांची फूट त्या वेळच्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार वैध ठरत असे (ही सवलत २००३ च्या घटनादुरुस्तीने रद्द झाली). अध्यक्षांनी गट मान्य केला, सेनेचे बळ भाजपपेक्षा कमी झाले आणि गोपीनाथ मुंडे विरोधी पक्षनेते झाले. एकही पोटनिवडणूक न होता या पदाचा मानकरी बदलला. १९९५ मध्ये सत्तांतर झाले, तेव्हा माजी विरोधी पक्षनेते जोशी मुख्यमंत्री आणि मावळते विरोधी पक्षनेते मुंडे उपमुख्यमंत्री झाले. २०१४ मध्ये मात्र खडसे यांच्या वाट्याला मुख्यमंत्रिपद आले नाही. ते मंत्री झाले आणि जून २०१६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. विरोधी पक्षनेता हाच भावी मुख्यमंत्री, हा ब्रिटिश संकेत महाराष्ट्रात रुजला नाही, असेच म्हणावे लागते.

याहून गंभीर बदल २०१४ नंतरचा आहे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये शिवसेनेचे एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते झाले आणि महिना पुरा होण्यापूर्वी त्यांचा पक्ष सरकारात गेला. मग काँग्रेस (४२) व राष्ट्रवादी काँग्रेस (४१) यांतील एका जागेच्या फरकाने पद राधाकृष्ण विखे पाटील यांच्याकडे आले. जून २०१९ मध्ये तेही सत्तारूढ पक्षात जाऊन मंत्री झाले. २ जुलै २०२३ रोजी अजित पवार विरोधी पक्षनेतेपदावरून थेट उपमुख्यमंत्री झाले. उत्तमराव पाटलांच्या वेळी मंत्रिमंडळ पडले आणि विरोधकांचे मंत्रिमंडळ आले. येथे मंत्रिमंडळ राहिले आणि विरोधी पक्षनेता तेवढा पलीकडे गेला. या दोहोंतील भेद मूलभूत आहे. पहिल्या प्रकारात पर्याय सत्तेवर येतो, दुसऱ्यात पर्यायच नाहीसा होतो. सरकारने ज्याच्यासाठी निवासस्थान व कर्मचारिवर्ग दिला, त्याने विरोधातच राहिले पाहिजे, अशी सक्ती कोणताही कायदा करीत नाही आणि करू शकेल असेही वाटत नाही.

सभागृहाबाहेरही या पदाला आता काम आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमानुसार राज्य माहिती आयुक्तांची शिफारस करणाऱ्या समितीत मुख्यमंत्री व एक मंत्री यांच्याबरोबर विधानसभेतील विरोधी पक्षनेता असतो. राज्य मानवी हक्क आयोगाच्या नेमणुकांतही त्याचे मत घेतले जाते. माहितीच्या अधिकाराचा कायदा करणाऱ्यांनी पद रिकामे असण्याची शक्यता ओळखून, मान्यताप्राप्त नेता नसल्यास विरोधकांतील सर्वांत मोठ्या गटाचा नेता तो मानावा, असे स्पष्टीकरण जोडले. पदाला संख्येच्या उंबरठ्यावर अडवू नये, हे येथे कायद्यानेच मान्य केले आहे.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत २८८ पैकी शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाला २०, काँग्रेसला १६ आणि राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाला १० जागा मिळाल्या. एक दशांश, म्हणजे २९ सदस्य कोणाकडेच नव्हते. सेनेने भास्कर जाधव यांचे नाव सुचविले. धुळप यांच्या १५, दि. बां.च्या ७ आणि १९८६-९० मधील जनता पक्ष व शेकाप यांच्या बळाशी तुलना करता २० हा आकडा लहान नव्हता. तरीही २०२५ ची अर्थसंकल्पी व पावसाळी अधिवेशने विधानसभेत विरोधी पक्षनेत्याविना पार पडली. त्या काळात हे पद केवळ विधान परिषदेत भरलेले होते. ऑगस्ट २०२५ अखेर तेथील विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांच्या सदस्यत्वाची मुदत संपली, तेव्हा १९७८ च्या अधिनियमाखाली वेतन घेणारा एकही सदस्य दोन्ही सभागृहांत उरला नाही.